लिंकनच्या खणातले कागद

विचारणा अशी आहे: अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या चार वर्षांत लिंकनचा दिवस जायचा कसा, घरी काय परिस्थिती होती, आणि आपल्या शाळांच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेल्या ‘गुरुजींना पत्रा’तला लिंकन खरा किती? मी अमेरिकेचा इतिहास शिकवतो, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तो आधी निकालात काढतो.

ते पत्र लिंकनने लिहिल्याचा काडीचाही पुरावा नाही. थोरला मुलगा रॉबर्ट याने वडिलांची कागदपत्रं जपली आणि अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयाला दिली, पण ‘माझ्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं ती कुणाला दाखवायची नाहीत’ या अटीवर. १९४७ साली ती खुली झाली. आता ती घरबसल्या पाहता येतात. हे पत्र त्यात नाही, छापील संग्रहांतही नाही. खऱ्या मुलांची गोष्ट वेगळीच आहे. युद्ध पेटलं तेव्हा रॉबर्ट हार्वर्डला शिकत होता. धाकट्या विली आणि टॅडला शिकवायला व्हाइट हाउसमध्ये मास्तर यायचे. टॅडच्या उच्चारात दोष होता, त्याचं बोलणं बाहेरच्यांना नीट कळत नसे. वडील गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला धड वाचताही येत नव्हतं. बापाने त्याच्यामागे अभ्यासाचा लकडा कधी लावलाच नाही. पोरगं महत्त्वाच्या बैठकीत धाडकन घुसायचं आणि राष्ट्राध्यक्ष कामकाज थांबवून त्याचं ऐकून घ्यायचा. उपदेशाची यादी करून गुरुजींना पाठवणाऱ्यातला हा बाप नव्हे.

आता दिवस. लिंकनचं ऑफिस घराच्या वरच्या मजल्यावर पूर्वेच्या टोकाला, आणि बायकामुलं त्याच मजल्यावर पश्चिमेला. मधल्या बोळात, जिन्यात, खालच्या दालनात माणसंच माणसं. कुणाला पोस्टमास्तरकी हवी, कुणाला फौजेला बूट पुरवायचं कंत्राट, कुणाचा मुलगा लष्करी तुरुंगात. ४ मार्च १८६१ ला शपथ घेतली तेव्हा दक्षिणेतली गुलामगिरीची सात राज्यं संघराज्यातून आधीच फुटून निघालेली. दुसऱ्याच दिवशी निरोप आला की दक्षिणेतल्या चार्ल्सटनच्या बंदरात अजून संघराज्याच्या ताब्यात असलेल्या सम्टर किल्ल्यावरचं धान्य काही आठवड्यांत संपेल. आणि दारात नोकऱ्या मागणाऱ्यांची झुंबड. घराच्या एका टोकाला आग लागलेली असताना दुसऱ्या टोकाच्या खोल्या भाड्याने देत बसलेल्या माणसासारखी माझी गत झाली आहे, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

जॉन निकोले आणि जॉन हे या त्याच्या दोन सचिवांनी ही गर्दी आवरायचा खूप प्रयत्न केला. दोघंही तेव्हा तिशीच्या आतले, राहायला तिथेच. खासगी सचिवाची जागा एकच मंजूर होती, म्हणून जॉन हे याचा पगार दुसऱ्याच खात्यातून काढावा लागे. भेटीच्या वेळा ठरवल्या की लिंकन स्वतःच त्या मोडायचा. या भेटींना तो ‘जनमताची आंघोळ’ म्हणत असे. मला यात भाबडेपणा दिसत नाही. हा मुरलेला वकील होता, सर्किट कोर्टाबरोबर गावोगाव फिरलेला. समोरचा काय सांगतो यापेक्षा काय सांगायचं टाळतो हे ऐकायची त्याला सवय होती. नोव्हेंबर १८६३ मध्ये गेटिसबर्गचं भाषण करून तो परतला तो देवीचा सौम्य आजार घेऊनच. तेव्हाचा त्याचा विनोद प्रसिद्ध आहे: आता निदान सगळ्यांना देता येईल असं काहीतरी माझ्याकडे आहे! त्या प्रवासात सोबत असलेला त्याचा कृष्णवर्णीय नोकर विल्यम जॉन्सन मात्र पुढच्या जानेवारीत देवीनेच वारला. विनोद सगळे सांगतात, जॉन्सनचं नाव फारसं कुणी घेत नाही.

संध्याकाळी, आणि लढाई चालू असेल तर रात्री-अपरात्रीही, लिंकन चालत शेजारच्या युद्धखात्याच्या इमारतीत जायचा. व्हाइट हाउसमध्ये तारयंत्र नव्हतं, तारघर तिथे होतं. तिथल्या एका खणात आलेल्या तारांच्या नकला ठेवलेल्या असत, सगळ्यात ताजी वर. लिंकन खण उघडून वरून खाली वाचत जायचा आणि आधी वाचलेली तार लागली की थांबायचा. युद्धाच्या बातम्या त्याला अशा मिळत: अर्धवट, उलट्या क्रमाने, बऱ्याचदा चुकीच्या. तारा सांकेतिक भाषेतून सोडवणारी पोरं विशीच्या आसपासची. त्यांच्याशी गप्पा मारत, खिडकीबाहेर पाहत तो तासन्‌तास बसे. इथे मागणारं कुणी नव्हतं. सैनिकी अनुभव म्हणाल तर १८३२ साली स्थानिक शिपाईगड्यांत काढलेले काही आठवडे, बस्स. उलट फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकलेला, मेक्सिकोच्या युद्धात लढलेला, देशाचा माजी युद्धमंत्री. कागदावर पाहिलं तर युद्ध चालवायला योग्य माणूस डेव्हिसच होता. लिंकनने १८६२ च्या सुरुवातीला ग्रंथालयातून युद्धशास्त्राचं पुस्तक आणवून अभ्यास सुरू केला.

तारघराचा प्रमुख थॉमस एकर्ट याने पुढे एक आठवण सांगितली. १८६२ च्या उन्हाळ्यात लिंकन रोज येऊन त्याच्या टेबलापाशी बसे, थोडं लिहून खूप वेळ विचार करी, आणि निघताना कागद त्याच्याकडे कुलपात ठेवायला देई. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा तो मसुदा होता.

माझं उत्तर खरं तर इथून सुरू होतं. युद्धकाळातला लिंकन समजून घ्यायचा तर त्याने केलेल्या भाषणांइतकेच त्याने खणात ठेवून दिलेले कागद पाहावेत. हा माणूस आधी लिहायचा आणि मग कागद दाबून ठेवायचा. कधी वेळ आली म्हणून तो बाहेर काढायचा, कधी कायमचा आतच राहू द्यायचा.

२२ जुलै १८६२ ला त्याने मंत्रिमंडळाला सांगितलं की बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त करण्याचं मी ठरवलं आहे. करावं की नाही हा सल्ला नको, बाकी काही असेल तर बोला. परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाला, करा, पण आत्ता नको. दक्षिणेची राजधानी रिचमंड, तिच्या दारातून आपली फौज मागे हटली आहे, अशा वेळी हे हरलेल्या सरकारच्या शेवटच्या किंकाळीसारखं वाटेल. आधी एक विजय मिळू द्या. लिंकनने कागद परत ठेवला. आणि मग त्याच महिनाभरात, २२ ऑगस्टला, होरेस ग्रीली या संपादकाला त्याने ते गाजलेलं उत्तर लिहिलं: एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन. हे एवढंच वाक्य उचलून ‘लिंकनला गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं’ असं आजही ठोकून दिलं जातं. ते लिहिताना मुक्तीचा मसुदा तयार होता हे सांगायचं राहून जातं. जे आधीच ठरलं होतं त्याच्यासाठी तो काठावरच्या लोकांची मनं तयार करत होता.

पण म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. त्याच ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनमधल्या पाच कृष्णवर्णीय प्रतिनिधींना बोलावून त्याने त्यांना चक्क सांगितलं की तुम्ही मध्य अमेरिकेत जाऊन वसाहत करावी, दोन्ही वंशांनी वेगळं राहिलेलंच बरं. गुलामगिरीतून सुटून आलेला कृष्णवर्णीय नेता फ्रेडरिक डग्लस याने यावर सडकून टीका केली आणि ती योग्यच होती. हा प्रसंग राजकीय खेळी म्हणून झाकून नेणारे अभ्यासक मला पटत नाहीत. वसाहतीची कल्पना तो कितीतरी वर्षं मनात बाळगून होता.

१७ सप्टेंबरला अँटीटमची लढाई झाली आणि दक्षिणेचा सेनापती ली मागे हटला. तो निर्भेळ विजय नव्हता, पण काम भागण्यासारखा होता. २२ सप्टेंबरला प्राथमिक जाहीरनामा निघाला. अंतिम जाहीरनाम्यावर सही झाली १ जानेवारी १८६३ ला. त्या दिवशी सकाळपासून नववर्षाच्या भेटीगाठी. कित्येक तास शेकडो लोकांशी हस्तांदोलन करून लिंकन वर आला तेव्हा हात सुजून थरथरत होता. लेखणी उचलली, खाली ठेवली. सही कापरी आली तर लोक म्हणतील हा कचरला, असं म्हणून थोडं थांबून सावकाश पूर्ण नाव लिहिलं. रोजच्या पत्रांवर तो फक्त ‘ए. लिंकन’ असं लिहीत असे.

कायद्याच्या नजरेने हा कागद फार रुक्ष आहे. संघराज्यात राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसूरी या गुलामगिरीच्या राज्यांना तो लागूच नव्हता. टेनेसी आणि ताब्यात आलेले काही प्रदेशही वगळलेले. अधिकार वापरला होता तो राष्ट्राध्यक्षाकडे असलेल्या सरसेनापतिपदाचा, शत्रूची शक्ती काढून घेण्याचा, आणि त्या अधिकाराची हद्द लिंकनला पक्की माहीत होती. पण त्याच कागदाने कृष्णवर्णीयांना फौजेत घेण्याचं दार उघडलं. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० जण भरती झाले. आणि हे सारं वरूनच आलं असं समजू नका. मे १८६१ मध्येच तीन गुलाम पळून संघराज्याच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर आले होते आणि जनरल बटलरने त्यांना परत करायला नकार दिला होता. त्यांच्यामागून हजारो आले. प्रश्न त्यांनी उभा केला, लिंकनने त्याला कायद्याची भाषा दिली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती लिंकनला नव्हे, तर गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यांची नजर किती अचूक होती हे मला त्या अर्पणपत्रिकेवरून कळतं. (बाकी मुंबईला हे युद्ध आठवतं ते कापसासाठी. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं रोखली, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये तिकडे शांतता झाल्याबरोबर इथले शेअर कोसळून भलेभले रस्त्यावर आले.)

दुसरा कागद सेनापतींचा. लिंकनचे सेनापती हा स्वतंत्र विषय आहे: मॅकडॉवेल, मॅक्लेलन, पोप, बर्नसाइड, हूकर, मीड. मॅक्लेलनने तर नोव्हेंबर १८६१ मध्ये कहर केला. राष्ट्राध्यक्ष त्याच्या घरी येऊन बैठकीच्या खोलीत वाट पाहत बसला होता. हा कुणाच्या तरी लग्नाहून परतला, पाहुणा आल्याचं कळूनही सरळ वर निघून गेला, आणि अर्ध्या तासाने निरोप आला की जनरलसाहेब झोपले. जॉन हे संतापला. लिंकन म्हणाला, ही मानपान बघायची वेळ नाही. त्याला काढलं ते पुढे वर्षभराने, आणि तेही नोव्हेंबर १८६२ च्या निवडणुका आटोपल्यावर.

जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गला मीडने तीन दिवसांची लढाई जिंकली, पण माघार घेणारा ली पोटोमॅक नदी ओलांडून निसटला. १४ जुलैला लिंकनने मीडला पत्र लिहिलं. आधी आभार मानले. पुढे लिहिलं की ली तुमच्या मुठीत होता, तो सुटल्याने युद्ध आता किती लांबेल सांगता येत नाही, आणि मला याचं अपरंपार दुःख झालं आहे. पत्राची घडी पाकिटात गेली आणि पाकिटावर शेरा आला: जनरल मीड यांना, कधी न पाठवलेलं, सही न केलेलं. वाचलं असतं तर नुकताच जिंकलेला मीड राजीनामा देऊन मोकळा झाला असता, आणि त्याच्या जागी कोण? मार्च १८६४ मध्ये जनरल ग्रँट सगळ्या फौजांचा प्रमुख होईपर्यंत या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

गेटिसबर्ग चालू असतानाच, २ जुलैला, लिंकनची बायको मेरी हिच्या घोडागाडीला अपघात होऊन तिच्या डोक्याला मोठी जखम झाली. हे बहुतेक पुस्तकांत तळटीपेत असतं. उन्हाळ्यात कुटुंब शहराबाहेर सोल्जर्स होम नावाच्या सैनिकी आश्रमाच्या आवारात राहायला जाई, सुमारे तीन मैलांवर. तिकडून येताना हे घडलं.

घराबद्दल विचारलंत म्हणून थोडं सविस्तर. विली गेला २० फेब्रुवारी १८६२ ला, विषमज्वराने, अकराव्या वर्षी. शेजारच्या खोलीत टॅडही त्याच तापाने फणफणला होता. मेरी त्यातून कधी सावरलीच नाही. लिंकन दुसऱ्या दिवशीही राष्ट्राध्यक्षच होता. २१ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये नथॅनियल गॉर्डनला फाशी झाली. आफ्रिकेतून सुमारे नऊशे माणसं जहाजात कोंबून आणताना तो पकडला गेला होता. गुलामांच्या व्यापाराला फाशीची शिक्षा १८२० पासून कायद्यात होती, पण ती भोगणारा तो एकटाच. दयेसाठी लिंकनवर खूप दबाव आला. त्याने दोन आठवड्यांची मुदत दिली ती मरणाची तयारी करायला. शिक्षा कायम ठेवली.

सैनिकांच्या बाबतीत तो बरोबर उलटा वागायचा. पळपुटेपणाचे, पहाऱ्यावर झोपल्याचे कोर्ट मार्शलचे कागद त्याच्याकडे यायचे. १८ जुलै १८६३ ला जॉन हे याने रोजनिशीत लिहिलं की आज सहा तास हेच काम चाललं, आणि मृत्युदंड टाळायला एखादा आधार मिळाला की राष्ट्राध्यक्ष कसा त्यावर झडप घालतो हे पाहून गंमत वाटली. लढाईत भिऊन पळालेल्यांच्या खटल्यांना लिंकन ‘पायांचे खटले’ म्हणे. देवाने भित्रे पाय दिले तर बिचाऱ्याने काय करावं! मिनेसोटातल्या डकोटा लोकांच्या उठावानंतर लष्करी न्यायालयाने ३०३ जणांना मृत्युदंड दिला, तेव्हा त्याने कागद मागवून एकेक नाव तपासायला लावलं आणि बहुतेकांची फाशी टळली. तरीही २६ डिसेंबर १८६२ ला ३८ जणांना एकाच वेळी फासावर चढवलं गेलं. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी लिंकनच्या सहीची आहे. खटले काही मिनिटांत उरकलेले होते. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

मेरीचं माहेर केंटकीचं, गुलाम बाळगणारं. तिचा सावत्र भाऊ सॅम्युएल शायलोला आणि अलेक्झांडर बॅटन रूजला मेला, दोघंही दक्षिणेकडून लढताना. उत्तरेतली वर्तमानपत्रं तिला फितूर म्हणत आणि माहेरचे गद्दार. तिची लाडकी सावत्र बहीण एमिली हिचा नवरा बेन हेल्म याला लिंकनने १८६१ मध्ये फौजेत चांगली जागा देऊ केली होती. तो ती नाकारून दक्षिणेला गेला, जनरल झाला, आणि सप्टेंबर १८६३ मध्ये चिकामॉगाला मारला गेला. विधवा एमिली लेकराला घेऊन उत्तरेत यायला निघाली तर हद्दीवर अडवली, कारण निष्ठेची शपथ घ्यायला ती तयार होईना. लिंकनची तार गेली: तिला माझ्याकडे पाठवा. डिसेंबरात ती व्हाइट हाउसमध्ये राहिली. एका संध्याकाळी, तिच्या आठवणीप्रमाणे, टॅड तिच्या मुलीला लिंकनचा फोटो दाखवून म्हणाला, हे राष्ट्राध्यक्ष. पोरगी म्हणाली, नाही, राष्ट्राध्यक्ष डेव्हिस! दोघांची जुंपली. लिंकनने दोघांना दोन मांड्यांवर घेतलं आणि निवाडा दिला: टॅड, तुझा राष्ट्राध्यक्ष कोण ते तुला ठाऊक आहे, आणि हिचा मी काका. बंडखोर बाईला घरात ठेवल्याबद्दल जनरल सिकल्सने तोंडावर हरकत घेतली, तेव्हा लिंकनने शांतपणे सुनावलं की माझ्या घरी कोण पाहुणं असावं हे मी आणि माझी बायको ठरवू.

तिसरा कागद २३ ऑगस्ट १८६४ चा. ग्रँटची फौज रिचमंडजवळच्या पीटर्सबर्ग शहरापुढे अडकलेली, मृतांच्या याद्या लांबत चाललेल्या, आणि नोव्हेंबरात निवडणूक. विरोधी उमेदवार पुढे ठरला तो मॅक्लेलनच! लिंकनने चार ओळी लिहिल्या: हे सरकार पुन्हा निवडून येणार नाही असं दिसतं, तेव्हा निवडणूक आणि नव्या अध्यक्षाचा शपथविधी यांच्या दरम्यान त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवणं हे माझं कर्तव्य राहील. कागदाची घडी बंद करून त्याने तो मंत्र्यांपुढे ठेवला आणि मागे सह्या करायला सांगितल्या. आत काय आहे हे न पाहता सगळ्यांनी केल्या. दहा दिवसांत, २ सप्टेंबरला, दक्षिणेचं अटलांटा शहर पडलं आणि वारं फिरलं. निर्वाचक मतं २१२ विरुद्ध २१. ११ नोव्हेंबरला त्याने तो कागद बैठकीत फोडून वाचून दाखवला. ऐन यादवीत निवडणूक पुढे ढकलायचा विचार त्याने केला नाही, हे त्याचं सर्वांत मोठं काम आहे असं मी मानतो. याच माणसाने एप्रिल १८६१ मध्ये काँग्रेसला न विचारता हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याचा हक्क, स्थगित केलं होतं, आणि सरन्यायाधीश टॅनीने ते बेकायदा ठरवल्यावरही जुमानलं नव्हतं, हे विसरून मात्र चालणार नाही.

चौथ्या कागदाची कुणाला फारशी माहिती नसते. ३१ जानेवारी १८६५ ला गुलामगिरी कायमची बंद करणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. ३ फेब्रुवारीला लिंकन दक्षिणेच्या प्रतिनिधींना जहाजावर भेटला, पण निष्पन्न काही झालं नाही. आणि ५ तारखेला त्याने मंत्रिमंडळापुढे प्रस्ताव ठेवला की १ एप्रिलपर्यंत शस्त्रं खाली ठेवली तर गुलामगिरीच्या राज्यांना मिळून ४० कोटी डॉलरचे रोखे द्यावेत. एकूण एक मंत्री विरोधात! त्याने ‘मंत्रिमंडळाने एकमताने नापसंत केलं’ असा शेरा कागदावर मारला आणि तोही ठेवून दिला. माझ्या मते मंत्री बरोबर होते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलं त्यांनाच भरपाई, आणि राबणाऱ्यांना एक छदाम नाही, असा तो हिशेब झाला असता.

यानंतर त्याच्या हाती जेमतेम दहा आठवडे होते. ४ एप्रिलला तो टॅडचा हात धरून पडलेल्या रिचमंडमधून चालला, ९ ला ली शरण आला, ११ ला व्हाइट हाउसच्या खिडकीतून केलेल्या भाषणात तो प्रथमच जाहीरपणे म्हणाला की शिकलेल्या आणि फौजेत लढलेल्या कृष्णवर्णीयांना मत मिळावं. गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. १४ तारखेच्या रात्री नाट्यगृहात त्याची गोळी, १५ ला सकाळी मृत्यू. हरलेल्या दक्षिणेचं पुढे काय करायचं, याचा पुरा आराखडा कुठल्याच खणात सापडला नाही. त्यामुळे ‘लिंकन जगला असता तर’ या विषयावर मी वर्गात वेळ घालवत नाही. विद्यार्थ्यांना ते ११ एप्रिलचं भाषण वाचायला देतो.